भेटीवरचं नाव

नव्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सवयीप्रमाणे स्वयंपाकघरात डोकावले. शाळेची खरी तब्येत तिथंच कळते, असं माझं जुनं मत आहे. चुलीवर मोठा गंज चढवलेला होता. गंज म्हणजे आमच्या भागातलं पातेलं. हा चांगला शंभर पोरांचा भात एका दमात शिजेल एवढा होता. त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं : इंग्रिड.

मी लगेच ओळखलं. कुठल्यातरी परदेशी संस्थेनं शाळेला भांडी दान दिलेली दिसतात. भांड्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या आईच्या मांडणीवर एक तांब्या नागपूरच्या मामांचा, सहा पेले थोरल्या आत्याचे, आणि एक परात अशी होती की तिच्यावरचं नाव दिसलं की आई आजही तोंड वाकडं करते.

"कोणती संस्था आहे हो ही?" मी विचारलं.

चुलीपुढची बाई जळतं लाकूड मागे ओढून माझ्याकडे वळली. सावळी, शिडशिडीत, पदर कमरेला खोचलेला, पन्नाशी कधीच ओलांडलेली.

"संस्था नाई म्याडम," ती म्हणाली. "इंग्रिड म्हंजे मीच. शाळेचा गंज गळते, म्हून घरचा आनला. तुमचं नाव काय?"

मी आडनाव सांगितलं.

"आडनाव नाई. नाव."

ते सांगेपर्यंत तिनं माझ्या हातात ताट दिलं नाही.

मला दुसऱ्यांच्या गोष्टीत नाक खुपसायची खोड आहे. घरचे तिला चांभारचौकशी म्हणतात, मी जिज्ञासा म्हणते. पवनीपासून आत, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यामुळे उठून आलेल्या गावच्या नव्या गावठाणात, शेवंता, अनुसया, कौसल्या अशा नावांच्या बायकांमध्ये एक इंग्रिड बसून तांदूळ निवडते आहे, हे बघून गप्प राहणं माझ्याच्यानं शक्य नव्हतं. ख्रिश्चन असेल म्हणावं तर गळ्यात काळी पोत आणि देव्हाऱ्यात गणपती. पिढ्यानपिढ्या धान लावणारं घर. मी तिला पहिल्याच आठवड्यात तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तिनं "भात होऊ द्या" म्हणून मला परत पाठवलं. पुढे कळलं, ती कुठलीच गोष्ट एका बैठकीत सांगत नसे. रोज तांदूळ निवडायला जेवढा वेळ लागे, तेवढीच सांगायची. मीही मग चष्मा लावून तिच्याबरोबर खडे वेचायला बसू लागले.

ती कुणालाच टोपणनावानं हाक मारत नसे. शाळेत पज्या, गोलू, छकुली, बंटी असा सगळा बाजार होता. तिच्या तोंडी मात्र प्रज्वल, गुलाब, वैष्णवी आणि विठोबा. बंटीचं खरं नाव विठोबा आहे हे मला, त्याच्या वर्गशिक्षिकेला, तिच्याकडून कळलं. पोरांच्या आयांचंही तसंच. आमच्याकडे बाईला एकदा मूल झालं की ती गोलूची माय होते ती कायमची. इंग्रिडबाईला हे चालत नसे. दारात कुणी आली आणि "मी गोलूची माय" म्हणाली की ही शांतपणे विचारायची, "ते झालं. पन गोलूच्या मायचं नाव काय?" काही बायकांना ते आठवायला क्षणभर लागायचं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

गावात एक फार म्हातारी बाई होती. तिला सगळे नुसते बुढी म्हणायचे, तिची सूनसुद्धा. इंग्रिडबाईनं एकदा तिला शाळेच्या फाटकापाशी गाठून नाव विचारलं. म्हातारी आधी चिडली, मग लाजली, मग म्हणाली, "चंद्रभागा." दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीच्या सुमाराला ती काठी टेकत फाटकापाशी यायची. इंग्रिडबाई आतून मोठ्यानं ओरडायची, "काय चंद्रभागाबाई, जेवली काय?" म्हातारी मान डोलवायची आणि परत घरी जायची. एवढ्या एका हाकेसाठी ती भर उन्हात येत होती. कुणी निरोप घेऊन निघालं की इंग्रिडबाईचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "नाव सांगून जाजा." नाव आधीच माहीत असलं तरी.

दुसरी गोष्ट त्या ताटाची. पोरांची ताटं मांडून झाली की खिडकीखाली ती एक ताट वेगळं ठेवायची. त्यात भात, वरण, भाजी, सगळं सगळ्यांच्या आधी वाढून वर दुसरं ताट झाकायचं. पोरांची जेवणं उरकेपर्यंत ते तसंच राहायचं. मग रस्त्यानं जाणाऱ्या कुणा बकरीवालीला, कुणा वाटसराला बोलावून ते द्यायची. कुणीच नसलं तर गाईला. स्वतः त्यातलं कधी खायची नाही.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"येनारीचं."

"कोण येणार आहे?"

"तांदूळ झाले आजचे," असं म्हणून ती उठली.

तर ती येणारी कोण, ते मला असं खडे वेचता वेचता महिनाभरात समजलं.

इंग्रिडबाई जन्मली ती जुन्या गावात, जे आता पाण्याखाली आहे. श्रावण होता, वैनगंगा फुगलेली होती आणि नाल्यावरून पाणी चालल्यामुळे दवाखान्याची एक फिरती गाडी चार दिवस गावात अडकून पडली होती. गाडीत एक गोरी नर्स आणि तिचं बोलणं मराठीत सांगणारा कंपाउंडर. इकडे हिच्या आईला दोन दिवस कळा येत होत्या आणि गावच्या सुईणीनं हात टेकले होते. हिचा बाप चिखलातून धावत गाडीपाशी गेला. नर्स आली. पोर जन्मलं ते निळं पडलेलं, आवाज नाही. नर्सनं त्या एवढ्याशा तोंडाला तोंड लावून श्वास भरला. बऱ्याच वेळानं पोर रडलं. मग तिनं स्वतःच्या पिशवीतून एक लोकरीची टोपी काढली, लाल आणि पांढरी, आणि गार पडलेल्या त्या डोक्यावर चढवली.

टोपीच्या आतल्या काठावर लाल दोऱ्यानं अक्षरं भरलेली होती. कंपाउंडरनं ती वाचली : इंग्रिड.

"माहा बाप म्हने, बाईनं पोरगी वाचवली, तं बाईचंच नाव ठेवू," ती सांगत होती. "माही आत्या म्हने, हे नाव माह्या तोंडात नाई माये. पन बापापुढे तिचं चाललं नाई. पाळन्यापाशी कानात 'इंग्रिड' म्हनली आन् म्हने दिवसभर पानी पेत राहिली."

"तुम्ही नर्सला हाक काय मारायचात?"

"बाई. दुसरं काय? बाईले कोन नाव विचारते? टोपीवर होतंच ना नाव."

चौथ्या दिवशी पाणी उतरलं. पोरीचं नाव इंग्रिड ठेवतो, एवढंच बापानं कंपाउंडरकडून कळवलं. ते ऐकून नर्सनं निघताना पोरीला खूप वेळ छातीशी धरलं आणि त्याच्याचकडून सांगितलं, की ही चालायला लागली की मी बघायला येईन. तेवढं एक वाक्य. पण बापानं ते धरून ठेवलं. पोर चालायला लागलं, शाळेत जायला लागलं, रोवण्याला चिखलात उतरून धान लावायला लागलं, तरी तो म्हणायचा, येईल. आणि पोरीला बजावायचा, "तू नाव बदलू नको. बाई आली तं गावाले काय विचारन? तुहं नावच विचारन ना?"

बापाच्या या एका वाक्यावर इंग्रिडबाईनं पुढचं आयुष्य काढलं.

तिच्या लग्नाची गोष्ट गावात अजून सांगतात. मी ती तिच्या नवऱ्याकडून, हिरामणभाऊंकडून ऐकली, कारण ती स्वतः सांगताना मधलं सगळं गाळते. लग्न लागलं, ताटात तांदूळ पसरले, आणि रिवाजाप्रमाणे हिरामणभाऊंनी अंगठीनं त्या तांदळात नवरीचं नवं नाव लिहिलं : वनिता. त्यांच्या आईनंच ते निवडलं होतं. नवरीनं नाव वाचलं, हात पुढे केला आणि तळव्यानं सगळे तांदूळ सपाट केले.

सासूबाईंनी विचारलं, "काहून वो? काय वाईट आहे नावात?"

"नाव चांगलं आहे," नवरी म्हणाली. "पन माह्याकडे एक बाई येनार आहे. तिनं इंग्रिडले विचारलं आन् तुमी म्हनलं इथं वनिता राह्यते, तं ती परत जाईन."

एकच गोंधळ उडाला. वऱ्हाडातल्या कुणी म्हटलं, पोरीच्या डोक्यात काही फरक आहे. नवरीचा बाप हात जोडून उभा राहिला, पण पोरीला गप्प बस असं त्यानंही म्हटलं नाही. शेवटी हिरामणभाऊंनीच अंगठी पुन्हा हातात घेतली आणि वाकून तिला हळूच म्हटलं, "सांग, कसं लिवतात."

"आईचा चेहरा पाहाले पाहिजे होता तुमी," हिरामणभाऊ मला म्हणाले. "पन म्याडम, तांदूळ होते तिच्या बापाच्या घरचे, नाव होतं तिचं. मी मधात पडून काय करनार?" असं म्हणून ते इतके हसले की त्यांना खोकला आला.

हिरामणभाऊंसारखा नवरा मी फार कमी पाहिला. पाणी चढणार हे नक्की झालं, गावाला नवं गावठाण मिळालं, लोक दारं-चौकटी काढून बैलगाड्यांत भरू लागले, तेव्हा ही बाई म्हणाली, "मले तेलरंगाचा डबा पाह्यजे." घर जाणार, परसातलं सीताफळ जाणार, आणि हिला रंग हवा होता. त्यांनी पवनीहून डबा आणून दिला. रिकाम्या घराच्या समोरच्या भिंतीवर तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं : इंग्रिड नव्या गावठाणात राहते, घर नंबर ४१. खाली बाण काढला. मग पाणी आलं आणि भिंत बुडाली.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या गावच्या भिंती थोड्या उघड्या पडतात. दर वर्षी त्या दिवसांत इंग्रिडबाई एका ढिवराच्या डोंग्यातून, म्हणजे मासेमाराच्या लहान होडीतून, तिथं जायची, भिंतीवरचा गाळ खरवडायची आणि अक्षरं पुन्हा रंगवून यायची. मासे धरणाऱ्यांना ती भिंत पाठ होती. मी एकदा तिला म्हटलं, "इंग्रिडबाई, परदेशातून येणारी बाई पाण्यातून कशी येईल?"

"ती आली तवाही पानीच होतं," ती म्हणाली.

मी चष्मा पुसला आणि पुढचा खडा शोधू लागले.

मग मी शोध घ्यायचं ठरवलं. तिनं मागितलं नव्हतं, मलाच चैन पडत नव्हती. फोनवर इंग्रिड हे नाव घातलं आणि कपाळाला हात लावला. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, जर्मनी, हॉलंड, जिथं तिथं इंग्रिडच इंग्रिड. आपल्याकडे लता आणि सुमन जशा, तशा तिकडे या. शिवाय तिच्या बहिणी : इंगा, इंगर, इंगेबोर्ग. मी रोज थोडंथोडं वाचून तांदूळ निवडताना तिला सांगायची.

"तिथच्या इंग्रिडा काय करतात?" तिनं विचारलं.

"सगळं करतात. डॉक्टर आहेत, शिक्षिका आहेत. राणीसुद्धा होऊन गेली."

"आन् भात रांधनारी?"

"ती तुम्हीच दिसता."

नावाचा अर्थ सापडला त्या दिवशी तर मी घाईघाईनं स्वयंपाकघरात गेले. तिकडच्या जुन्या लोकांचा इंग नावाचा एक देव होता, पावसाचा आणि पिकाचा. त्याच्या नावाची देखणी ती इंग्रिड. इंग्रिडबाईनं सूप खाली ठेवलं.

"पावसाचा आन् पिकाचा? म्हंजे धानाचाच म्हना ना." ती बराच वेळ हसत राहिली. "माह्या बापाले काई ठाऊक नव्हतं, तरी बरोब्बर ठेवलं त्यानं."

पण नर्स काही सापडेना. भारतात काम केलेल्या इंग्रिड नावाच्या नर्सचा मी वर्षभर पिच्छा पुरवला. जिथं पत्ता मिळेल तिथं लिहिलं. दोघीचौघींची उत्तरं आली, त्यातली एकही वैनगंगेच्या काठी आलेली नव्हती. इंग्रिडबाई विचारायची नाही. मी काही बोलले नाही की समजायची, आणि खिडकीखालचं ताट झाकून ठेवायची.

शेवटी मी तिला ती टोपी मागितली. ती दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यात, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवून, नव्या पंच्यात गुंडाळून घेऊन आली. नारळाएवढ्याही डोक्याला बसणार नाही अशी ती टोपी. लाल लोकर आता विटकरी झाली होती. वरच्या अंगाला अंगठ्याएवढी जागा रफू केलेली होती, फार सुबक, थोड्या वेगळ्या लाल रंगात. मी ते रफू पाहिलं आणि सोडून दिलं. तान्ह्या बाळाला आपण पहिल्यांदा जुनंच कापड घालतो. मऊ असतं, दृष्टही लागत नाही. जुनी, रफू केलेली टोपी पाहून तिच्या बापाला काही वाटलं नाही, आत्याला वाटलं नाही आणि एवढी चौकस म्हणवणाऱ्या मलाही वाटलं नाही.

मी टोपीचे फोटो काढले आणि लोकरीचं विणकाम करणाऱ्या बायकांच्या एका परदेशी गटावर टाकले, सोबत सगळी हकीकत. तीन दिवसांत एका बाईनं कळवलं, की हा नमुना नॉर्वेतल्या आमच्या खोऱ्यातला आहे, मी इथल्या म्हाताऱ्यांना दाखवते. चार महिने काहीच नाही. मग एका सकाळी लांबलचक पत्र आलं. लिहिणारी त्या नर्सची भाची होती, तीही आता म्हातारी झालेली.

मी ते पत्र शाळेच्या ओट्यावर उभ्यानं वाचलं आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कारण पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की टोपी माझ्या मावशीनं विणलेली आहे आणि मावशीचं नाव मार्टा. इंग्रिड ही तिची मुलगी. अकरा महिन्यांची असतानाच गेली, चालायला लागायच्या आत.

म्हणजे इंग्रिड नावाचं कुणी येणारच नव्हतं. टोपीवरचं नाव देणारीचं नव्हतं, जिच्या डोक्यावर ती होती तिचं होतं. तिकडे लहान मुलांच्या कपड्यांवर त्यांचं नाव भरतात. आपण भेटवस्तूवर देणाऱ्याचं घालतो. बापानं वाचलं ते आपल्या पद्धतीनं. आणि त्या वाचण्यावर एका बाईनं मांडवात तांदूळ पुसले होते, बुडणाऱ्या भिंतीवर पत्ता लिहिला होता. मला वाटलं, सांगूच नये. मग वाटलं, नाव लपवलेलं हिला मरेपर्यंत चालणार नाही. तिसऱ्या दिवशी मी चष्मा घेऊन तिच्यासमोर बसले.

"दोन दिवस कोठी होता?" तिनं विचारलं. मग माझं तोंड बघून म्हणाली, "गेली ना ती?"

"हो. नऊ वर्षं झाली."

तिनं मान हलवली. हे तिनं धरलेलंच असणार. "सांगा पुढे."

मी पुढचं सांगितलं. टोपीचं, त्या लहान मुलीचं. नर्सचं नाव इंग्रिड नव्हतंच, हे सगळ्यात शेवटी सांगितलं.

तिचे हात थांबले. "मंग काय होतं?"

"मार्टा."

"मार्टा," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "मार्टा." आणि मग तिनं सूप असं बाजूला सारलं की तांदूळ ओट्यावर सांडले. तिला रागावलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. "साऱ्या गावाले नाव विचारत फिरली मी. बुढीले विचारलं, तुमाले विचारलं. आन् जिनं मले जीव देल्ला तिचंच राहून गेलं. चार दिवस होती ती गावात. चार दिवस! एकानंही विचारलं नाई, बाई तुहं नाव काय?"

मी म्हटलं, "अजून पत्र संपलं नाही."

भाचीनं लिहिलं होतं : मावशीला परत भारतात जायचं होतं. पण तिची आई अंथरुणाला खिळली, मावशीनं तिचं सगळं केलं आणि जाणं राहून गेलं. आमच्या घरात मात्र एक गोष्ट कुणाला कधी उलगडली नाही. दर वर्षी ऑगस्टमधल्या एका ठराविक दिवशी मावशी गोड काहीतरी करायची, आम्हाला सगळ्यांना बोलवायची आणि म्हणायची, इंग्रिड आज सात वर्षांची झाली. इंग्रिड आज वीस वर्षांची झाली. तिची मुलगी जन्मली होती मार्चमध्ये, आणि वयही कधी जुळायचं नाही, पाच वर्षांनी कमीच भरायचं. आम्हाला वाटायचं, दुःखानं मावशीचा गोंधळ होतो. कुणी तिला दुरुस्त केलं नाही. अगदी शेवटच्या वर्षी ती मला म्हणाली, इंग्रिडला आता नातवंडं झाली असतील. मी तिचा हात धरून बसले आणि मनात म्हटलं, बिचारी. आता तुमची हकीकत वाचल्यावर कळतं, मावशीची मोजणी बरोबर होती.

इंग्रिडबाईनं विचारलं, "कोनता महिना म्हनला?"

"ऑगस्ट. तारीखही लिहिली आहे."

"म्हंजे श्रावन." ती पुटपुटली. तिच्या दाखल्यावर एक जून आहे. या भागात त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनलाच असतो, कारण तो आमच्याच एखाद्या मास्तरांनी शाळेच्या सोयीनं टाकलेला असतो. स्वतःचा जन्म कुठल्या दिवशी झाला हे त्या बाईला ठाऊक नव्हतं. तिकडे नॉर्वेत एक बाई तो दिवस दर वर्षी गोडाधोडानं साजरा करत होती.

मग ती रडली. पदर तोंडाला न लावता, सरळ समोर बघत, लहान पोरासारखी मोठ्यानं रडली. मलाही रडू येत होतं. मी ओट्यावरचे तांदूळ वेचून सुपात भरत राहिले.

"म्हंजे मी उगाच वाट नाई पाहून राहिली होती," ती शेवटी म्हणाली. "तीबी तिकडं तेच करून राहिली होती." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ती पोरगी, अकरा महिन्यांचीच होती?"

"हो."

"चालली नाई."

"नाही."

ती उठली. चुलीपाशी गेली, गंजाखाली लाकूड सारलं. "मी लय चालली," ती म्हणाली. माझ्याशी नाही, कुणाशी ते मी विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात पाणी उतरलं, जुनी भिंत उघडी पडली. डोंगेवाला ढिवर तिला विचारायला आला, कधी निघायचं? तिनं त्याचं नाव घेऊन त्याला बसवलं, चहा दिला आणि यंदा नाही म्हणून सांगितलं. हिरामणभाऊंनी आणलेला नवा रंगाचा डबा शेवटी शाळेच्या फाटकाला लागला.

पावसाळ्याच्या तोंडाशी माझी बदली झाली, सिहोऱ्याला. शाळेतल्या शेवटच्या दिवशी मी मधल्या सुट्टीत स्वयंपाकघरात गेले. पोरांच्या रांगा बसल्या होत्या. खिडकीखाली बघितलं तर ताट नव्हतं.

इंग्रिडबाई पोरांच्या रांगेच्या शेवटी, विठोबाच्या शेजारी मांडी घालून जेवायला बसली होती. सगळ्यांचं झाल्याशिवाय तिला घास घेताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्यापुढचं ताट तेच होतं, खिडकीखालचं. आता त्याच्या काठावर नाव घातलेलं होतं. पवनीच्या बाजारात भांड्यांवर नावं घालून देणारा बसतो, त्याच्याकडून. ठिपके अजून ताजे होते, चकाकत होते. मी वाकून वाचलं.

चि. इंग्रिड हिस, मार्टाबाईकडून सप्रेम भेट.

"बरोब्बर आहे ना म्याडम?" तिनं विचारलं. "देनारीचं नाव पाह्यजे ना भांड्यावर."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तिनं सरकून मला जागा करून दिली आणि वरणभात कालवायला घेतला.